चौदा नंबर

साहेब, भिकोबा देशमाने यांना त्या बेटावर तुम्ही टाकून आलात. तुम्ही त्या दिवशी पुण्याच्या ऑफिसात एसी लावून बसला होता आणि ते बेट तुम्ही नकाशातसुद्धा बघितलं नसेल, तरी टाकून तुम्हीच आलात. आता चौदा वर्षांनी त्याच माणसाचा फोटो तुम्ही पेपरात पानभर छापलाय. मठाची पांढरी भिंत, तुमच्या टूर कंपनीचा पिवळा बॅनर, बॅनरचं एक टोक धरून हसणारे आप्पा आणि खाली ओळ, 'आई-वडिलांना जग दाखवा'. तो फोटो मी काढला होता. काढल्यावर तासाभरात काय झालं, ते त्यांच्या घरचे सोडले तर फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे. तिसरे आप्पा होते, ते गेल्या वर्षी गेले. मी बारावी नापास आहे. लिहायचं कोणी शिकवलं नाही, इंग्रजीसुद्धा पाहुण्यांचे अपमान गिळत गिळत शिकले. त्यामुळे लिहिण्यात चुका असतील. खोटं मात्र नसेल.

क्रूझची बोट सकाळी सातला कॉर्फूच्या धक्क्याला लागली. ग्रीसचं बेट. अर्ध्या दिवसाची सहल: डोंगरावरचा मठ, मग समुद्र बघायची एक जागा, मग तुमचं दुकान, आणि साडेबाराला परत धक्क्यावर. बोट दीडला सुटणार होती. बोटीवरच्या बाकीच्या पर्यटकांसाठी बोटीच्या वीस-बावीस बसेस उभ्या होत्या. आपली बस वेगळी, तुम्ही ठरवलेली. आपली माणसं बेचाळीस. प्रत्येकाच्या छातीवर कंपनीचा पिवळा गोल चिकटवलेला, आणि सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या कमरेच्या पिशवीत, कारण पाहुणे हरवतात असं तुमचं म्हणणं.

माणसं मोजायची तुमची पद्धत इथे सांगायला हवी. आधी मी बसमध्ये डोकी मोजायचे. एकदा बोट दाखवून मोजलं म्हणून एका बाईंनी तुमच्याकडे तक्रार केली आणि तुम्ही मला फोनवर झापलंत. "ढोबळे, ते पाहुणे आहेत, शाळेतली पोरं नाहीत." तेव्हापासून नियम झाला. प्रत्येक घराला एक नंबर. बस सुटायच्या आधी घरच्या कर्त्या पुरुषाने आपला नंबर ओरडायचा. नंबर आला की त्या घरातली सगळी माणसं बसमध्ये आहेत असं समजायचं. मी मागे जाऊन बघायचं नाही. लोकांना हे फार आवडलं. 'एक', 'दोन', 'तीन' करत कवायतीसारखे आवाज लागायचे आणि शेवटी 'मोरया'.

चौदा नंबर देशमाने. हेमंत, त्याची बायको वैजयंती आणि वडील भिकोबा, ज्यांना सगळे आप्पा म्हणायचे. हेमंतचं पुण्यात फर्निचरचं शोरूम. आप्पा चौऱ्याहत्तरचे. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी आणि पायात मुलाने आणलेले निळे स्पोर्ट शूज, ज्यांच्या नाड्या ते कधीच बांधायचे नाहीत, आत खोचून टाकायचे. आठ दिवस झाले होते, हा माणूस कोणाशी चार वाक्यं बोललेला मी ऐकला नव्हता. मला वाटायचं, स्वभावच तसा असेल.

तो स्वभाव नव्हता. त्यांना दम दिलेला होता. ते नंतर कळलं.

ग्रुपमध्ये एक इनामदार काका होते, बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. बोटीवरच्या पहिल्याच रात्री जेवताना त्यांनी टेबलाटेबलावर जाऊन सगळ्यांचं आडनाव, गाव आणि कुलदैवत विचारून घेतलं होतं. मलाही विचारलं.

"ढोबळे म्हणजे नक्की कोण?"

"टूर मॅनेजर," मी म्हटलं.

हेमंतला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गावाकडे आमची ऑईल मिल होती. आता विकली." देशमाने आडनावावरून कोणाला काही कळायचं नाही, आणि हेमंतला तेच हवं होतं. काका म्हणाले, "वा, उद्योजक घराणं." आप्पांनी ताटातला भात बोटांनी चाचपला आणि खाली बघत राहिले.

मठात पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. आधी बॅनरचा फोटो, कारण माणसं दमायच्या आत फोटो काढायचा हाही तुमचाच नियम. बॅनर धरायला कोणी तयार नसतं, म्हणून मी आप्पांना म्हटलं, "आप्पा, एक टोक धरा." त्यांनी ते पताका धरल्यासारखं उंच धरलं आणि हसले. तेच हसू तुम्ही आता विकताय.

तिथली सरकारी गाईड एलेनी नावाची बाई होती. ती इंग्रजीत सांगायची, मी मराठीत. देऊळ झालं, चित्रं झाली, मांजरं झाली. मग तिने आम्हाला एका बुटक्या दगडी खोलीत नेलं. आत जुना ऑलिव्हचा घाणा होता. खाली गोल दगडी परात, तिच्यावर उभी दगडी चाकं, आणि चाकांना जोडलेला माणसाच्या मांडीएवढा लाकडी दांडा. पलीकडे भिंतीपाशी दाबायचा मोठा लाकडी स्क्रू.

"याला पूर्वी गाढव जुंपायचे," एलेनीचं मी मराठीत केलं.

"गाढव?" मागून आवाज आला. "गाढवाचं काम आहे का ते? बैल पाहिजे."

आप्पा. ते वाट काढत पुढे आले. दोरी ओलांडून थेट घाण्याला हात लावला. एलेनी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी दांड्याला खांदा दिला आणि दगड बोटभर हलवून दाखवला. खोलीत दगडाचा घर्र असा आवाज झाला.

"बाई, तिला विचार," ते मला म्हणाले, "जनावराच्या डोळ्याला झापड बांधायचे का नाही?"

मी विचारलं. एलेनीचे डोळे मोठे झाले. तिने भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या दोन चामडी वाट्या काढून दाखवल्या. कोणी विचारत नाही म्हणून ती त्या कधी दाखवतच नसे.

"बांधायलाच पाहिजे," आप्पा म्हणाले. "नाहीतर त्याला कळतंय आपण गोल फिरतोय, मग ते उभंच राहतंय. आणि ही पेंड कुठं टाकतात? जळणाला का जनावराला?"

"जळणाला," एलेनी म्हणाली. "मागच्या खोलीत अजून ठेवलीय."

मी असं भाषांतर कधी केलं नव्हतं. पाठ केलेलं बोलायची गरज नव्हती, दोघं एकमेकांना खरंच विचारत होती. सगळे ऐकत होते. मग इनामदार काका म्हणाले, "आप्पा, बरीच माहिती आहे तुम्हाला."

"माहिती कसली? आजा, बाप आणि मी. वेशीपाशी लाकडी घाणा होता आमचा. करडई, भुईमूग, तीळ. ऐंशी सालापर्यंत मीच बैल हाकत होतो."

"म्हणजे मिल नव्हती?"

"मिलनंच तर मारलं आम्हाला."

दोघंतिघं हसले. काकांनी हेमंतकडे बघितलं आणि अगदी सावकाश, प्रत्येक शब्द चघळत म्हणाले, "म्हणजे तेली. अहो हेमंतराव, आधी सांगायचं की. सकाळीसकाळी तेल्याचं दर्शन घडवलंत, आता आमची बोट पोचते का बुडते?"

खोलीभर हशा झाला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एलेनीला काही कळलं नाही, तीही सोबत म्हणून हसली. साहेब, मीही हसले. पाहुण्याच्या विनोदाला हसायचं, हे तुमच्या ट्रेनिंगमध्ये होतं. पण दोष तुमच्यावर ढकलत नाही, तोंड माझं होतं. आजही ते हसू आठवलं की तोंडात काहीतरी कुजल्यासारखं वाटतं.

आप्पा हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. त्यांनी घाण्याच्या पाळीवरून हात फिरवला, बोटं नाकाशी नेली आणि म्हणाले, "खवट झालंय. पण चांगल्या हाताचं आहे."

बाहेर अंगणात हेमंतने त्यांचं कोपर धरलं. मी दोन पावलांवर होते.

"घरून निघताना एकच गोष्ट सांगितली होती तुम्हाला."

"अरे, पण त्यांच्यातपण घाणा आहे की. देवाच्या घरात ठेवलाय त्यांनी."

"हात धुवा आधी. शर्ट बघा. लाज आणता नुसती."

वैजयंती मांजराचा फोटो काढत होती. म्हणजे मोबाईल मांजराकडे धरून उभी होती.

दहाला मी सगळ्यांना बसकडे हाकललं. बस मठाच्या फाटकाबाहेर वळणावर उभी. मागे बोटीच्या दोन बसेस, त्यांची माणसं अजून आतच. मी ड्रायव्हरजवळ माईक घेऊन उभी राहिले. त्या दिवशी चौदा नंबरची जागा मागे होती, कारण रोज सीट बदलायची असा तुमचाच नियम. एक. दोन. तीन. आवाज येत गेले. बारा. तेरा.

"चौदा," हेमंतचा आवाज. खणखणीत.

पंधरा, सोळा, मोरया. बस सुटली.

मग ती समुद्र बघायची जागा झाली. तिथून निघताना परत नंबर. "चौदा." मग तुमचं दुकान. तिथे पाऊण तास, कमी नाही, हे तुम्ही मला लिहून दिलं होतं. इनामदार काकांनी ऑलिव्हच्या लाकडाचा पोळपाट घेतला आणि सगळ्यांना वास घ्यायला लावला. पुढच्या सीटवरच्या एका बाईंनी विचारलेलं मी ऐकलं, "आप्पा उतरले नाहीत का?" वैजयंती म्हणाली, "बरं नाही त्यांना, बसमध्ये पडलेत." मी बसमध्ये जाऊन बघितलं नाही. बघायचं नाही असा नियम होता, आणि नियम असला की माणसाला केवढं बरं वाटतं ते मी त्या दिवशी शिकले. निघताना तिसऱ्यांदा, "चौदा."

साडेबाराला धक्क्यावर मी बसच्या दाराशी उभी राहून म्हाताऱ्या माणसांना हात देत होते. सगळे उतरले. निळे बूट काही उतरले नाहीत.

मी आत चढले. मागच्या बाकापर्यंत गेले. सीटखाली वाकून बघितलं, जसं काही माणूस पिशवीसारखा खाली घरंगळला असेल.

"हेमंतराव, आप्पा कुठेत?"

"येतील मागच्या गाडीने," तो म्हणाला.

"कुठल्या मागच्या गाडीने?"

"मागे दोन बसेस होत्या ना बोटीच्या. त्यात बसले असतील."

"बसले असतील म्हणजे? तुम्ही तीन वेळा नंबर दिलात."

"अहो मॅडम, गर्दीत लक्षात नाही आलं. म्हातारा माणूस आहे, रेंगाळतो."

पुण्याहून बारामतीला जाणारी एसटी चुकली तर मागची येते, तसं तो बोलत होता. मी धावत बोटीच्या बसेसपाशी गेले. त्या दोन्ही कधीच येऊन रिकाम्या झाल्या होत्या. एका बसची गाईड म्हणाली, हो, पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा दाराशी आला होता, काहीतरी बोलत होता. त्याच्या छातीवर पिवळा गोल होता आणि तिच्या माणसांचे गोल निळे. तिने त्याला खाली रस्त्याकडे हात करून दाखवलं, तुझी बस तिकडे असेल म्हणून.

बारा पन्नास. मठ पाऊण तासावर. जाऊन यायला दीड तास, आणि बोट चाळीस मिनिटांत सुटणार. आप्पांच्या खिशात पैसे नाहीत, फोन नाही, पासपोर्ट माझ्या कमरेला, आणि तोंडात मराठी सोडून दुसरी भाषा नाही.

मी तुम्हाला फोन लावला. तुमचे शब्द सांगते, एकही बदलत नाही.

"पासपोर्ट बंदरावरच्या एजंटला दे आणि तू बोटीवर चढ."

"साहेब, ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना कोण आणणार?"

"एजंट बघेल. एकासाठी एक्केचाळीस वाऱ्यावर सोडणार का तू?"

"एक्केचाळीस बोटीच्या रांगेत आहेत, साहेब. छपराखाली."

"ढोबळे, शहाणपणा नको. चढ."

मागे रांगेत कुजबुज सुरू झाली होती. इनामदार काका घड्याळ बघून म्हणाले, "दोनला जेवण बंद होतं बरं का मॅडम. आम्हाला तरी सोडा." एक बाई म्हणाली, "आणि संध्याकाळच्या हाऊजीचं काय? तुम्ही नसाल तर घेणार कोण?" साहेब, एक माणूस परदेशात टाकलेला, आणि ही बाई हाऊजीचं विचारत होती.

मी हेमंतला म्हटलं, "चला माझ्याबरोबर. टॅक्सी करू."

त्याने बोटीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "मी आलो तर ही एकटी कशी राहणार?"

"मी राहीन," वैजयंती म्हणाली.

"तू गप बस."

तिने पर्समधून आप्पांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात दिली. तिची बोटं गार होती. "सकाळपासून चहावरच आहेत," एवढंच म्हणाली.

बाकीचे पासपोर्ट मी बोटीच्या माणसाकडे दिले. आप्पांचा आणि माझा ठेवला. आणि टॅक्सीत बसले. तुमचे चार फोन आले, मी घेतले नाहीत.

टॅक्सीवाला स्पिरोस नावाचा होता, साठीचा, पोट स्टिअरिंगला टेकलेलं. मी त्याला मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं.

"मुलगा विसरला?" त्याने विचारलं.

"हो."

"बापाला?"

"हो."

त्याने दोन वळणं घेतली. मग म्हणाला, "माझी आई ब्याण्णवची. मी तिला रोज विसरायचा प्रयत्न करतो. जमत नाही." आणि गाडी अशी पळवली की मी डोळे मिटून घेतले.

मठाचं फाटक दुपारचं बंद होतं. बाहेर झाडाखाली दगडी बाक, बाकावर आप्पा. टोपी मांडीवर, बूट काढून शेजारी ठेवलेले. एक म्हातारी, मठातली झाडलोट करणारी असावी, पलीकडच्या टोकाला बसली होती. मध्ये पाव, चीज आणि पाण्याची बाटली. पाव अर्धा संपला होता.

"आलीस का?" आप्पा म्हणाले. "मी हिला म्हणत होतो, येईल कोणतरी. हिला कळत नव्हतं, मला कळत नव्हतं. चांगलं चाललं होतं."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडायला लागले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला तेलाचा वास होता. शेजारी रुमालात बांधलेलं एक गाठोडं होतं. मी बघतेय म्हणून त्यांनी सोडून दाखवलं. काळी, वाळलेली ढेप.

"पेंड. त्या गाईडबाईनं जाताना हिला सांगितलं, हिनं मागच्या खोलीतून दिली. तेवढ्यासाठी थांबलो बघ. गावातल्या पोरांना दाखवायला. म्हटलं, बघा, जगात सगळीकडं आपलंच काम चालतंय."

"आप्पा, माझी चूक झाली. मी मोजायला हवं होतं."

"तुझी कशी? तू पुढं होतीस."

"हेमंतरावांच्या पण लक्षात नाही आलं."

त्यांनी पेंड परत रुमालात बांधली. गाठ एकदा मारली, सोडली, परत मारली. म्हातारी उठून आत गेली.

"लक्षात आलं होतं," आप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"मी आलो होतो की. ह्या इथं फाटकात उभा होतो. बस तिथं, त्या वळणावर. तो खिडकीत होता. मी पेंडीचा हात वर केला. त्यानं बघितलं. माझ्या डोळ्यात बघितलं, पोरी. आणि तोंड पुढं करून ओरडला, चौदा."

लांब खाली समुद्र होता, निळा, कार्डावर असतो तसा.

"त्याला वाटलं असंल, येईल म्हातारा मागच्या गाडीनं," आप्पा म्हणाले. "जरा अद्दल घडंल. वाईट नाही तो. सगळ्यांत मी त्याचं नाक कापलं ना."

"तुम्ही काय केलंत? तुम्ही घाणा चालवत होता एवढंच सांगितलं."

"तेच."

टॅक्सीत बसवताना त्यांनी माझा हात धरला. "हे कुणाला सांगू नको. त्याचं दुकान आहे, माणसं येतात, मोठी माणसं."

आम्ही बंदरावर पोचलो तेव्हा धक्का रिकामा होता. बोट लांब, खेळण्यातल्याएवढी. आप्पा तिच्याकडे बघून म्हणाले, "जेवली असतील सगळी."

एजंटच्या ऑफिसात तुमचा फॅक्स माझ्याआधी येऊन पडला होता. इंग्रजीत, अर्धं पान. 'मी, भिकोबा देशमाने, स्वतःच्या इच्छेने सहलीपासून वेगळा झालो. याला कंपनी किंवा तिचे कर्मचारी जबाबदार नाहीत.' खाली दोन रेघा, एक आप्पांच्या सहीची, एक साक्षीदाराची. सोबत चिठ्ठी: सही झाली की दोघांची विमानाची तिकिटं मिळतील. म्हणजे सही झाली नाही तर?

मी तुम्हाला फोन केला. आप्पांनी सांगू नको म्हटलं होतं, तरी मी तुम्हाला सांगितलं. मला वाटलं, हे ऐकल्यावर तो कागद तुम्ही मागे घ्याल. ज्याला पोटच्या पोराने टाकलं, त्याच्याकडून 'मी स्वतःच्या इच्छेने' असं कोण लिहून घेईल? मला खरंच तसं वाटलं. मी मूर्ख होते.

"मुलाने बघितलं होतं?" तुम्ही विचारलंत.

"हो साहेब. डोळ्याला डोळा भिडला होता. तरी नंबर दिला."

तुम्ही एक श्वास सोडलात. मोकळा श्वास, फोनवर स्वच्छ ऐकू आला.

"मग तर बरंच झालं," तुम्ही म्हणालात. "मग तो घरचा मामला झाला. आपल्यावर काही येत नाही. सही घे."

मी कागद आप्पांना मराठीत वाचून दाखवला. म्हटलं, "करू नका. मी माझ्या पैशाने नेते तुम्हाला. कुठूनही उभे करते."

"यात त्याचं नाव आहे का कुठं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग दे इकडं."

त्यांना सही करायला वेळ लागायचा. जिभेचं टोक दातात धरून त्यांनी एकेक अक्षर काढलं. भि. को. बा. मग पेन माझ्याकडे धरलं. "तूपण कर, पोरी. तू केलीस म्हणजे कोण विचारायचं नाही."

मी केली. साक्षीदार म्हणून. खरं जे घडलं त्याच्या अगदी उलट लिहिलेल्या कागदावर मी माझं नाव लिहिलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही मुंबईत उतरलो. आप्पा पुण्याला गेले नाहीत. मी त्यांना एसटीने गावी सोडलं. पुढे तेरा वर्षं ते तिथेच एका खोलीत राहिले. वैजयंती दर दिवाळीला एकटी यायची. हेमंत एकदाच आला, अग्नी द्यायला. तेव्हा चांगला रडला. मला तुम्ही आठवड्यात काढून टाकलंत, कारण दिलंत 'पाहुण्यांना मध्येच सोडून जाणे'. इनामदार काकांना त्याच वर्षी कंपनीच्या संमेलनात शाल दिलीत, सर्वांत जास्त सहली केल्या म्हणून. त्याचंही मला काही नाही. कोणाला शाल द्यायची तो तुमचा प्रश्न.

पण आता तुम्ही आप्पांना आई-बापांच्या जाहिरातीत उभं केलंत, तेव्हा मी गप्प बसणार नाही. आप्पांनी नको म्हटलं होतं, म्हणून ते होते तोवर मी तुमच्याशिवाय कोणाला सांगितलं नाही. ते आता नाहीत, आणि मुलाची अब्रू सांभाळायचं वचन मी हेमंतला दिलं नव्हतं. त्या कागदावरची माझी सही खोटी होती, हे मी इथे नावानिशी लिहिते. माझ्यावर काय करायचं ते करा.

हेमंतला मी विचारणार नाही. तो जन्मभर वेशीपासून पळत होता, त्या दिवशी वेस त्याच्यामागे बेटावर आली आणि तो घाबरला. घाबरलेल्या माणसाची मला किळस येते, पण निदान तो कळतो. तुम्ही घाबरला नव्हता. तुम्हाला आप्पांचा राग नव्हता, लाज नव्हती, ते तेली आहेत का कोण आहेत याच्याशी घेणं नव्हतं. पोराने बापाला डोळ्यात बघून टाकलं, हे ऐकल्यावर जगातल्या कुठल्याही माणसाच्या तोंडून आधी 'अरेरे' निघालं असतं. तुमच्या तोंडून 'बरंच झालं' निघालं.

त्यात बरं काय होतं, साहेब? वकिलाची नोटीस नको, ऑफिसचं पत्र नको. तुम्ही स्वतः, तुमच्या तोंडाने सांगा. बरं काय होतं?